सामना क्रमांक 57

बाद फेरीचं तिकीट आगाऊ काढताना कोणते संघ खेळणार, हे कुणालाच माहीत नसतं. हाती पडतो तो नुसता आकडा. माझ्या वाट्याला आला 57. म्हणजे 49 क्रमांकाचा सामना जिंकेल तो आणि 50 क्रमांकाचा जिंकेल तो, यांची उपांत्यपूर्व फेरीची गाठ. 9 डिसेंबर 2022, लुसैल स्टेडियम, कतार, रात्री दहा वाजता.

तिकिटं भाच्यानं काढली. तो दोह्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. फिफाच्या ऑनलाइन रांगेत ताटकळून त्यानं दोन जागा मिळवल्या, एकेक साडेसातशे रियालची, म्हणजे आपले सतरा हजारांच्या आसपास. मग फोन केला. "मामा, अर्जेंटिना गटात पहिली आली तर लॉटरी. नाही आली तर जे ताटात पडंल ते."

मी कोल्हापुरात शाळेत पीटीचा मास्तर आहे आणि हंगामात फुटबॉलचा पंच. अर्जेंटिनावर माझा जीव 1986 पासून. त्यामुळे 22 नोव्हेंबरला याच लुसैलवर सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 असं लोळवलं, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. त्या पराभवाचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भानगड आकड्यांची होती. अर्जेंटिना गटात दुसरी आली असती तर थेट फ्रान्सच्या पुढ्यात गेली असती, आणि आमच्या 57 नंबरात तिचा पत्ताच नसता. पुढे मेक्सिको गेलं, पोलंड गेलं, मग ऑस्ट्रेलिया. पलीकडून नेदरलँड्सनं अमेरिकेला 3-1 हरवलं. तेव्हा कुठे मी बॅग भरायला घेतली. आपला देश ज्या स्पर्धेत नाही, त्या स्पर्धेला जाणाऱ्याची ही तऱ्हा. दुसऱ्याच्या नशिबावर आपलं विमान.

आपला देश नाही, यावरून आठवलं. स्पर्धा सुरू होण्याआधी दोह्यात अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंडचे शर्ट घालून ढोल वाजवत मिरवणुका निघाल्या होत्या. त्यात बहुतेक मल्याळी पोरं होती. युरोपातल्या काही वार्ताहरांनी त्यांना भाडोत्री ठरवलं. गोरा नाही, स्पॅनिश बोलत नाही, मग हा अर्जेंटिनाचा चाहता कसा, असा तो हिशेब. या मंडळींनी विश्वचषकाच्या महिन्यात कोझिकोडला किंवा आमच्या शिवाजी पेठेत एक चक्कर मारायला हवी होती. आपल्या फुटबॉलची गत अशी, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफानं आपल्या राष्ट्रीय महासंघालाच अकरा-बारा दिवस निलंबित केलं होतं. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला, तोही यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश मिळाला म्हणून. मोठ्यांच्या विश्वचषकात आपल्याला जागा कधी मिळणार कोण जाणे. तोवर आम्ही आमची भक्ती ठेवायची कुठे? ती ब्युनोस आयर्सला ठेवली तर कुणाचं काय जातं?

भाचा मात्र ब्राझीलवाला. आमच्याकडे एका घरात असे दोन पक्ष असणं नवीन नाही. 9 तारखेला शुक्रवार होता, त्याला सुट्टी. त्याच संध्याकाळी सहाला एज्युकेशन सिटी स्टेडियमवर ब्राझील आणि क्रोएशिया भिडणार होते. त्याचा मनसुबा असा, की ब्राझील जिंकेल ते मोबाइलवर बघायचं, मग पिवळा शर्ट घालून माझ्यासोबत लुसैलला येऊन अर्जेंटिनाला हरताना बघायचं.

आम्ही नजम्यातल्या त्याच्या खोलीतून निघालो तेव्हा तिकडे अजून गोल नव्हता. मेट्रो सामन्याला येणाऱ्यांना फुकट होती. 'हय्या' हे प्रेक्षकांचं ओळखपत्र गळ्यात घालायचं आणि चढायचं. मुशैरिबला लाल मार्गावर बदललो आणि डबा निळ्यापांढऱ्या पट्ट्यांनी भरून गेला. छपराला मुठीनं ठोकत सगळे 'मुचाचोस' गात होते. त्या वर्षीचं त्यांचं हे गाणं. जुन्या चालीवर नवे शब्द तिथल्या एका शिक्षकानं बसवलेले. मास्तरांचं काही तरी चाललं म्हणायचं जगात! ज्यादा वेळेत नेमारचा गोल झाला, तेव्हा भाच्यानं डब्यात एकट्यानं आरोळी ठोकली. लुसैलला उतरून चालायला लागलो तोवर पेत्कोविचनं बरोबरी केली होती. सुरक्षा तपासणीच्या रांगेत आमच्या पुढचा अर्जेंटिनी माणूस फोन डोक्यावर धरून उभा होता आणि सात-आठ अनोळखी माना त्या पडद्याखाली. रॉड्रिगोची पेनल्टी अडली. मार्किन्योसची खांबाला लागली. रांगेतून जो गलका उठला, तसा मी अर्जेंटिनाच्या स्वतःच्या गोलालासुद्धा क्वचित ऐकला. भाच्यानं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. पिवळा रंग दिसेनासा झाला. "मामा, आज नेदरलँड्स," एवढंच म्हणाला.

लुसैल स्टेडियम लांबून सोनेरी दिसतं. दिवे लागले की कंदिलासारखं उजळतं. ते तसंच दिसावं म्हणून आखलेलंही आहे. आत अठ्ठ्याऐंशी हजार माणसं मावतात, आणि त्या रात्री मावली. आमच्या जागा पार वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात. वाट दाखवणारी मुलं केनियाची, नेपाळची, केरळची. ज्यांच्या श्रमावर हे सगळं उभं राहिलं त्यांच्यातले बरेच याच भागांतले. ही गोष्ट भाच्याला सांगावी लागत नाही. तो त्यांच्यासोबतच जेवतो. त्याच्या मेसमधले कितीतरी जण स्टेडियमच्या आत तिकिटावर कधी गेलेच नाहीत.

वरच्या कोपऱ्यातली जागा लोक नाक मुरडून घेतात. पंचाला विचाराल तर तीच उत्तम. टीव्ही चेंडूमागे धावतो. वरून बावीस खेळाडू, दोन बाक आणि शिट्टीवाला एकदम दिसतात. पस्तिसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाचा मोलिना उजव्या बगलेतून आत घुसायला लागला, तेव्हा मेस्सीच्या अंगावर तीन-चार डच होते. मोलिना धावताना मला दिसत होता. मेस्सीनं तिकडे मान वळवल्याचं मात्र मला दिसलं नाही. चेंडू आकेच्या पायांजवळून अशा फटीतून गेला की ती फट चेंडू गेल्यावरच लक्षात आली. शेजारी बसलेला दाढीवाला गृहस्थ माझ्या गळ्यात पडला. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला. दोघांनी मिळून बराच वेळ आरडाओरडा केला.

त्यानंतर माझं लक्ष मैदानातल्या तिसऱ्या पक्षावर गेलं, आणि मग ते तिथून हललं नाही.

पंच होते स्पेनचे आंतोनिओ मातेउ लाओस. बोलका माणूस. खेळाडूंच्या खांद्यावर हात ठेवणारा, हातवारे करणारा. आमच्यातही असे दोन-तीन आहेत आणि पेठेतली पोरं त्यांना भितात कमी, वाद जास्त घालतात. पूर्वार्धाच्या शेवटी त्यांनी एकामागून एक कार्डं काढायला सुरुवात केली. डच तिंबर, अर्जेंटिनाचा आकुन्या, मग रोमेरो. बाकावर बसलेल्या वेगहॉर्स्टलासुद्धा मैदानात पाय ठेवण्याआधी पिवळं मिळालं. कार्ड हे नोटेसारखं असतं. छापत सुटलं की भाव उतरतो. मध्यंतराला मी भाच्याला म्हणालो, हा सामना रात्री उशिरापर्यंत चालणार आणि शेवटी कुणीतरी कुणाच्या अंगावर जाणार. तो म्हणाला, "मामा, हे शाहू स्टेडियम न्हवं."

बरोबर. पण माणसं तीच असतात. कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या संघांचा सामना लावायचा म्हणजे पोलीस आधी, चेंडू नंतर. गॅलरीत पेठ बसलेली असते, खेळाडू कुणाचा तरी पुतण्या असतो आणि हरला तर त्याला त्याच गल्लीतून घरी जायचं असतं. अशा सामन्यात पंचाला काही खुणा वाचाव्या लागतात. त्या नियमपुस्तकात नाहीत. खेळाडू फाउल झाल्यावर चेंडूकडे बघायचं सोडून आपल्या बाकाकडे बघायला लागला, ही पहिली खूण. थ्रो-इनला कारण नसताना उशीर होतो. कर्णधाराला बोलावलं तर तो सावकाश चालत येतो आणि सोबत आणखी तिघांना घेऊन येतो. राखीव खेळाडू वॉर्मअपच्या नावाखाली रेषेच्या जवळ सरकतात. या गोष्टी एकाच वेळी दिसायला लागल्या की समजायचं, दोरी हातातून निसटतेय. आणि ती कार्डानं परत येत नाही. ती येते खेळ थांबवून दोन्ही कर्णधारांना एकत्र उभं करून, हळू आवाजात, गॅलरीला ऐकू न जाता.

उत्तरार्धात डमफ्रिसनं आकुन्याला पाडलं. पेनल्टी. माझ्या खिशात फोन थरथरला. पेठेत पडदा लावून बसलेली मंडळी, तिथे रात्रीचे दोन वाजायला आलेले, आणि प्रश्न मला: "होती का रं पेनल्टी?" त्यांनी ती स्लो मोशनमध्ये चार बाजूंनी पाहिली होती, मी पाऊण मैलावरून एकदा. मी लिहिलं, होती. त्र्याहत्तराव्या मिनिटाला मेस्सीनं मारली, 2-0, आणि डच बाकासमोर जाऊन दोन्ही हात कानांमागे धरून उभा राहिला. तो इशारा प्रशिक्षक व्हॅन गाल यांना होता, हे सगळ्या स्टेडियमला कळलं. पंचाच्या नजरेनं पाहाल तर ती ठिणगी होती. चाहत्याच्या नजरेनं विचाराल तर मी उभा राहून तेच केलं.

व्हॅन गाल यांनी मग सगळी सुंदर खेळाची भाषा गुंडाळून ठेवली आणि उंच माणसं आत सोडली. त्र्याऐंशीव्या मिनिटाला बर्गहाउसच्या क्रॉसवर वेगहॉर्स्टचं डोकं. 2-1. त्यानंतर सहा मिनिटांनी जे झालं, ते मी नव्या पंचांना आजही सांगतो.

अर्जेंटिनाच्या परेडेसनं डच बाकाजवळ आकेला पाडलं. शिट्टी वाजली. वाजल्यावर परेडेसनं चेंडू सरळ बाकाच्या दिशेनं सणकावला. बाकावरचे सगळे उठले ते मैदानातच आले. टीव्हीनं तिथला गोंधळ दाखवला असेल. वरून मला दुसरंच दिसत होतं. डच कर्णधार व्हॅन डाइक लांबून, आपल्या जागेवरून धावत निघाला होता. चेंडू बाकात गेला त्या क्षणी तो निघाला, आणि त्याच्या वाटेत कुणी नव्हतं. बऱ्याच सेकंदांची धाव होती ती. येऊन त्यानं परेडेसला छातीनं असा धक्का दिला की तो आडवा झाला. अशा वेळी आमचं शिक्षण असं, की एक जण घोळक्याजवळ जातो आणि बाकीचे पंच लांब उभे राहून फक्त नंबर टिपतात. कोण आधी आला, कुणी हात उचलला. घोळक्यात शिरलेल्या पंचाला फक्त पाठी दिसतात. परेडेसला पिवळं मिळालं. फाउलचं एक आणि चेंडू मारल्याचं दुसरं, अशी दोन देता आली असती. सरळ लालही देता आलं असतं, आणि जगात कुणी बोट दाखवलं नसतं. माझ्या मते तो एक लाल कार्डाचा क्षण होता आणि तो गेला. आधीची सगळी पिवळी त्या एका क्षणासाठी राखून ठेवायला हवी होती.

मग बोर्ड वर आला: 10. आजूबाजूची निळीपांढरी माणसं कपाळ बडवायला लागली. शाहू स्टेडियमवर कुणी दहा मिनिटं वाढवून दिली, तर पंचाला घरी सोडायला गाडी लागेल. पण इथे हिशेब चोख होता. त्या विश्वचषकात फिफाच्या, कोलिना यांच्या पंच समितीनं पंचांना बजावून ठेवलं होतं, की वाया गेलेलं प्रत्येक मिनिट मोजायचं. बदली खेळाडू, मारामारी, कार्डं धरली तर दहा होतातच. मी शेजाऱ्याला बोटांनी तसं समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशात हात घातले.

दहा संपून अकरावं सुरू होतं. अर्जेंटिनाच्या क्षेत्राबाहेर पेझेल्यानं वेगहॉर्स्टला अडवलं, फ्री किक. भिंत उभी राहिली. सगळ्यांना वाटलं कूपमायनर्स सरळ गोलात मारणार. त्यानं भिंतीच्या बाजूनं जमिनीलगत चेंडू आत सरकवला, वेगहॉर्स्टनं पाठीवर माणूस घेऊन तो थांबवला, वळला आणि आत ढकलला. 2-2. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, शेवटच्या लाथेवर, शाळेतल्या फळ्यावर आखतात तशी चाल खेळायची, याला छाती लागते. माझं दुःख बाजूला ठेवून मी टाळ्या वाजवल्या. आमच्या ओळीत टाळ्या वाजवणारे दोघेच, मी आणि भाचा. त्याच्या टाळ्यांची कारणं वेगळी.

ज्यादा वेळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डच दमले होते, अर्जेंटिना चढाई करत होती, शेवटी एन्झो फर्नांडेझचा फटका खांबाला लागला. टायब्रेकर. 2014 च्या उपांत्य सामन्यातही या दोघांचा निकाल असाच लागला होता, अर्जेंटिनाच्या बाजूनं.

अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझनं व्हॅन डाइकची पहिली आणि बर्गहाउसची दुसरी अडवली, तेव्हा स्टेडियम हलतं म्हणजे काय ते पायांना कळलं. वरच्या मजल्यावरचं काँक्रीट खरंच थरथरतं. एन्झोची बाहेर गेली, पुन्हा जीव टांगणीला. शेवटची लाउतारोची. तो मध्यरेषेवरून चालत निघाला, तेव्हा काही डच खेळाडू त्याला गाठून काहीबाही बोलत होते. लाओस पेनल्टीच्या ठिकाणी उभे. तिथून ते दिसणार कसं? लाउतारोनं मारली, 4-3. सगळे त्याच्याकडे धावले. मेस्सी एकटा उलट्या दिशेनं गेला, गवतावर पडलेल्या मार्टिनेझकडे. आणि या सगळ्या गडबडीत डमफ्रिसला दुसरं पिवळं, म्हणजे लाल, मिळालं. सामना संपल्यावर. कार्डांची मोजदाद दीड डझनाच्या घरात गेली. 2006 मध्ये न्यूरेम्बर्गला पोर्तुगाल-नेदरलँड्स सामन्यात 16 पिवळी आणि 4 लाल निघाली होती. डच मंडळी दोन्हीकडे होती, ही गोष्ट लाओस यांच्या बाजूनं नोंदवायला हवी.

बाहेर पडलो तेव्हा एक वाजून गेला होता. मेट्रोच्या रांगेत ढोल सुरूच. मेस्सीनं मुलाखत देता देता वेगहॉर्स्टला काहीतरी सुनावलं, हे मला तिथे, पेठेतून आलेल्या व्हिडिओवरून कळलं. मी त्याच्यापासून काहीशे मीटरवर होतो आणि बातमी कोल्हापूरहून आली. पहाटे साडेतीनला पेठ जागी होती, फटाके उडत होते, आणि मला विचारणा होत होती की रेफ्री कसा होता.

मेस्सीनं पंचांवर जाहीर तोंडसुख घेतलं. लाओस यांना त्या स्पर्धेत पुढे सामना मिळाला नाही, आणि 2022-23 चा हंगाम संपल्यावर त्यांनी शिट्टी खाली ठेवली. मला विचाराल तर माणूस वाईट पंच नव्हता. पेनल्टी बरोबर, दहा मिनिटं बरोबर, शेवटची फ्री किक बरोबर. निकाल ज्या निर्णयांवर फिरला ते सगळे बरोबर. चुकलं ते निकाल न फिरवणाऱ्या गोष्टींत. सुरुवातीला जास्त बोलणं, मग जास्त कार्डं, आणि गरज होती तेव्हा एक कमी. 18 डिसेंबरला त्याच लुसैलवर अंतिम सामना पोलंडचे मार्चिनियाक यांनी चालवला. तीन पेनल्टी दिल्या, सामना 3-3 झाला, पुन्हा टायब्रेकर, आणि दुसऱ्या दिवशी चर्चा मेस्सी-एम्बापेची झाली. तो मी कोल्हापुरात टीव्हीवर पाहिला. भाच्याचा त्या रात्री फोन आला नाही.

आता थोडं आमच्या गावचं. इथे खेळणाऱ्यांना तोटा नाही, बघणाऱ्यांना तर अजिबात नाही, आणि रेफ्रीला अक्कल शिकवणारे गॅलरीत हजारोंनी आहेत. शिट्टी धरणारे मात्र दरवर्षी कमी होतात. मानधन थोडं, शिव्या पोटभर, हे खरं आहे. तरी ज्यांचे गुडघे अजून साथ देतात आणि ज्यांना खेळ कळतो असं वाटतं, त्यांनी पंच परीक्षेचा अर्ज भरावा. मुलीही याव्यात, त्यांच्या सामन्यांना तर माणूस मिळता मिळत नाही. सुरुवात शालेय सामन्यांपासून होते, आणि नियम शिकवायला आम्ही आहोत.